पोरगं खेळेल का?

मार्च 2008. मुंबईत आयपीएलच्या आठ संघांचे कारभारी पुन्हा एकदा जमले होते. बड्या खेळाडूंचा लिलाव फेब्रुवारीतच उरकला होता, आता पाळी पोरांची होती. क्वालालंपूरला 19 वर्षांखालचा विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघातल्या मुलांवर बोली लागणार नव्हती. संघांनी क्रमाने एकेकाचं नाव घ्यायचं आणि मुलगा त्यांचा. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये 1965 पासून ज्याला ड्राफ्ट म्हणतात, त्याची ही छोटी भारतीय आवृत्ती. पहिला मान दिल्लीचा होता. विश्वविजेत्या संघाचा कप्तान विराट कोहली दिल्लीचाच पोरगा, समोर उपलब्ध. दिल्लीने नाव घेतलं डावखुऱ्या वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवानचं. कोहली बंगळूरला गेला.

हा किस्सा सांगून दिल्लीवाल्यांना हसायची पद्धत आहे. मला त्यात अन्याय वाटतो. त्या दिवशी दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स होते. फलंदाजांची रांग लागली होती आणि गोलंदाज हवा होता. स्पर्धा 18 एप्रिलला सुरू होणार होती, म्हणजे घेतलेला मुलगा महिन्याभरात मैदानात उतरवायचा होता. आणि कोहलीने त्या पहिल्या मोसमात केल्या 165 धावा. 2008 पुरतं बोलायचं तर दिल्लीचा हिशोब अगदीच चुकला असं म्हणता येत नाही. चूक, म्हणायचीच असेल तर, प्रश्नात होती. ‘हा मुलगा आज आपल्या काय कामाचा?’ असं विचारलं की एक उत्तर येतं. ‘हा मुलगा पंचविसाव्या वर्षी काय असेल?’ असं विचारलं की दुसरं. निवड समित्या, प्रशिक्षक, आईबाप सगळेच पहिल्या प्रश्नाचं उत्तर काढतात आणि ते दुसऱ्याचं आहे असं धरून चालतात.

त्याच यादीतून मुंबईने मनीष पांडेला घेतलं. नैनितालमध्ये जन्मलेला, पंधराव्या वर्षी बंगळूरला आलेला मुलगा. त्याला त्या वर्षी फारसं खेळायला मिळालं नाही. पुढच्या मोसमात तो बंगळूर संघात आला आणि 21 मे 2009 रोजी सेंच्युरियनला डेक्कन चार्जर्सविरुद्ध नाबाद 114 धावा करून आयपीएलमध्ये शतक काढणारा पहिला भारतीय ठरला. आमच्या हुबळीकडच्या लोकांना तो आणखी एका कारणाने जवळचा: 2023 मध्ये महाराजा ट्रॉफी जिंकलेल्या हुबळी टायगर्सचा तो कप्तान. आणि या प्रकरणाला तो एका तिसऱ्याच कारणासाठी हवा आहे. सीमारेषेवर धावून झेल घेणाऱ्या, लांबून नेमकी फेक करणाऱ्या भारतीयांत त्याची गणना होते. धावफलकावर न दिसणारं हे काम अठरा वर्षांच्या पोरात ओळखायचं कसं, याचा सगळ्यात पद्धतशीर विचार बेसबॉलवाल्यांनी केला आहे. म्हणून थोडं तिकडे जाऊन येऊ.

बेसबॉलमध्ये मैदानाच्या खोल भागात तिघे उभे असतात, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. मधल्याला सगळ्यात जास्त पळावं लागतं. फटका मारणाऱ्यापासून मधली भिंत साधारण 400 फुटांवर, म्हणजे 120 मीटरच्याही पलीकडे असते, आणि क्रिकेटची सीमारेषा जास्तीत जास्त 82 मीटरच्या आसपास. उजवीकडच्याचा हात दणकट लागतो, कारण त्याची फेक सगळ्यात लांबच्या, तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचवायची असते. दरवर्षी जुलैमध्ये ड्राफ्ट होतो, 20 फेऱ्यांचा. त्यात शाळा संपवलेली सतरा-अठरा वर्षांची मुलं असतात आणि कॉलेजात तीन वर्षं खेळलेली मोठी मुलंही. शाळकरी मुलगा घेतला तरी तो लगेच मुख्य संघात येत नाही. छोट्या गावांतल्या दुय्यम लीगमध्ये बसने फिरत, पायरी पायरीने वर चढत त्याची तीन-चार वर्षं जातात, बहुतेकांची तर त्यातच संपतात. त्यामुळे तिकडच्या जुन्या जाणत्यांचा सल्ला असा, की आज संघात कोणती जागा रिकामी आहे ते बघू नका. मुलगा वर येईल तोवर ती जागा तीनदा भरून तीनदा रिकामी झालेली असेल.

मुलं हेरत गावोगाव फिरणारे पगारी जाणकार तिकडे असतात, स्काउट. ते पाच गोष्टींना गुण देतात: चेंडू बॅटवर येणं, फटक्यातली ताकद, पळणं, फेक आणि झेल-अडवणूक. गुण 20 ते 80 मध्ये. 50 म्हणजे मुख्य लीगमधला सर्वसाधारण खेळाडू, 80 म्हणजे पिढीत एखादा. प्रत्येक गोष्टीला दोन आकडे लिहायचे, आजचा आणि पुढे होईल तो. सतरा वर्षांच्या पोराच्या कागदावर फटक्याच्या ताकदीपुढे ‘30, 60’ असं सर्रास दिसतं. आज काहीच नाही, उद्या बक्कळ. हा दुसरा आकडा म्हणजे त्या माणसाची सगळी विद्या, आणि त्याची सगळी जोखीम.

पाचांपैकी दोन गोष्टी मोजायला सोप्या. पळणं घड्याळात कळतं: 60 यार्ड, म्हणजे जवळपास 55 मीटर, 6.9 सेकंदांच्या आसपास पळणारा सर्वसाधारण, साडेसहाच्या खाली आला तर पाहणारे सावरून बसतात. फेकीचा वेग रडारच्या बंदुकीत दिसतो. झेल-अडवणूक चार-सहा सामन्यांत बऱ्यापैकी उमगते. पण आउटफिल्डरचं पोट भरतं बॅटवर, आणि शाळकरी मुलाची बॅट जोखणं हेच सगळ्यात अवघड. शाळेत तो धातूच्या बॅटने खेळतो, वर गेल्यावर लाकडाची हातात येते. शाळेतला गोलंदाज ताशी 80 मैलांनी टाकतो, वरचा 95 ने, आणि वर तो चेंडू शेवटच्या क्षणी वळतो. ज्या परीक्षेचा निकाल हवा आहे ती परीक्षा मुलाने अजून दिलेलीच नाही.

2009 चा ड्राफ्ट या बाबतीत धडा म्हणून वाचावा असा आहे. तिसऱ्या क्रमांकावर सॅन डिएगोच्या संघाने जॉर्जियातला डोनावन टेट हा शाळकरी आउटफिल्डर घेतला आणि त्याला करारापोटी 62 लाख 50 हजार डॉलर मोजले. उंची, वेग, हात, सगळं दृष्ट लागावी असं. तो मुख्य लीगमध्ये एकही सामना खेळू शकला नाही. त्याच दिवशी लॉस एंजलिसच्या एंजल्स संघाकडे 24 वा आणि 25 वा असे लागोपाठ दोन क्रमांक होते. दोन्हींवर त्यांनी शाळकरी आउटफिल्डरच घेतले. चोविसावा रँडल ग्रिचक. पुढे मुख्य लीगमध्ये बरीच वर्षं टिकला. पंचविसावा माइक ट्राउट. त्याने तीनदा लीगच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला, आणि त्याची गणना आज या खेळातल्या आजवरच्या थोरांत होते. म्हणजे ज्यांनी ट्राउटला ओळखलं असं आपण कौतुकाने म्हणतो, त्यांनीही त्याच्याआधी दुसऱ्याचं नाव घेतलं होतं.

ट्राउट इतका खाली का घसरला? एक कारण त्याचं गाव. न्यू जर्सीतलं मिलविल. तिकडे थंडी लांबते, मुलं वर्षात कमी सामने खेळतात, समोरचे गोलंदाज यथातथाच. कॅलिफोर्निया-टेक्सासच्या पोरांना बारा महिने मैदान. तेव्हा थंडीतल्या पोराचे आकडे कितीही चांगले असले तरी कारभाऱ्यांच्या मनात शंका राहते. एंजल्सच्या ग्रेग मोरहार्ट या स्काउटला ती कमी होती. तो ट्राउटच्या वडिलांबरोबर दुय्यम लीगमध्ये खेळलेला होता. घर माहीत, बाप माहीत, मुलगा कसा वाढला तेही माहीत. मला या तपशिलाचं मोल फार वाटतं. मुलाची पारख झाली यात निम्मा वाटा मुलाचा, निम्मा योगायोगाचा: योग्य माणूस त्या थंडीत तिथे उभा होता.

आता कमरीपेठेत येऊ. जुन्या हुबळीतली ही दाट वस्ती. घराला घर लागलेलं, घरात एक भाषा, दारात दुसरी, दुकानात तिसरी, आणि क्रिकेट सगळ्या भाषांत. असल्या पेठेत गल्लीतच खेळावं लागतं. गल्ली अरुंद, म्हणून नियम तसेच: समोरच्या घरात चेंडू गेला की बाद, उंच मारला आणि माडीवर गेला तर बाद आणि शिव्या वेगळ्या. अशा गल्लीत वाढलेल्या मुलाचे हात झटपट चालतात, नजर तेज असते, चेंडू जमिनीलगत ठेवायची सवय अंगात मुरते. पण एक गोष्ट गल्ली शिकवूच शकत नाही. मोकळ्या आभाळात उंच गेलेला चेंडू कुठे पडेल हे कळणं.

हे कळणं म्हणजे नक्की काय होतं, यावर शास्त्रज्ञांनी डोकं चालवलं आहे. 1968 मध्ये सेव्हिल चॅपमन याने मांडलं की झेल घेणारा चेंडूचा मार्ग मनात आखत बसत नाही. तो फक्त चेंडू नजरेत कसा चढतो ते पाहतो. उभ्या जागेवरून पाहताना चेंडूचं वर चढणं वेग घेत असेल तर तो डोक्यावरून जाणार, मागे पळा. चढणं मंदावत असेल तर पुढे पडणार, पुढे या. चढणं एकसारखं दिसेल इतक्याच वेगाने पाय हलवत राहिलात की चेंडू आणि तुम्ही एकाच जागी पोहोचता. 1995 मध्ये मायकेल मॅकबेथ आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये बाजूला जाणाऱ्या चेंडूंसाठी वेगळा खुलासा मांडला, नजरेत चेंडूची वाट सरळ रेषेत राखण्याचा. दोघांत वाद आहेत. मुद्दा एकच की हे ज्ञान डोळ्यांत आणि पायांत साठतं, सांगून येत नाही. म्हणूनच थेट अंगावर येणारा उंच चेंडू सगळ्यात फसवा. बाजूने जाणारा चेंडू निदान आपली कमान दाखवतो, समोरून येणारा पहिला क्षणभर काहीच सांगत नाही. चांगला क्षेत्ररक्षक त्या क्षणभरात जागचा हलत नाही. कच्चा लगेच दोन पावलं पुढे टाकतो आणि मग उलटा पळतो.

समजा निवड चाचणीत पेठेतल्या मुलाने असे तीन झेल सोडले. परीक्षक काय लिहील? ‘हात ठीक, अंदाज नाही.’ खरं आहे. पण हा अंदाज त्याच्यात नाही, की त्याला कधी मिळालाच नाही? क्लबात वाढलेल्या मुलाने हजारो उंच चेंडू पाहिलेले असतात, यानं बोटांवर मोजण्याइतके. हे वेगळं करायचा मला माहीत असलेला एकच मार्ग म्हणजे त्याला पुन्हा बघणं. आज वीस उंच चेंडू द्या, पुढच्या आठवड्यात वीस, त्यानंतर आणखी वीस. पहिल्या दिवशी पाच पकडणारा तिसऱ्या खेपेला चौदावर आला, आणि दुसरा पहिल्या दिवशीच पंधरा पकडून तिसऱ्या खेपेलाही पंधराच, तर माझं बोट पहिल्याकडे जाईल. अठराव्या वर्षी मुलगा कुठे उभा आहे यापेक्षा तो किती झपाट्याने चढतो आहे हे बघावं. अडचण एवढीच की चाचणी एका सकाळी उरकायची असते आणि रांगेत दोनशे मुलं असतात.

आकड्यांचा मोह आपल्याकडे वेगळ्या रूपात येतो, शालेय धावसंख्येच्या. जानेवारी 2016 मध्ये कल्याणच्या प्रणव धनावडे या पंधरा वर्षांच्या मुलाने आंतरशालेय सामन्यात 327 चेंडूंत नाबाद 1009 धावा केल्या. जगभर बातमी झाली. 1899 मध्ये इंग्लंडात तेरा वर्षांच्या कॉलिन्सने केलेल्या नाबाद 628 चा विक्रम 116 वर्षांनी मोडला. मुंबई क्रिकेट संघटनेने प्रणवला दरमहा 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती जाहीर केली. ज्यांनी धावफलक पूर्ण वाचला त्यांना मात्र समोरच्या बाजूचे आकडे दिसले: 31 आणि 52 सर्वबाद. समोर लहान मुलं होती, मैदानाची एक बाजू आखूड. मुलाचा त्यात काय दोष? त्याने समोर आलेला चेंडू मारला, दोन दिवस मारत राहिला, आणि एवढा वेळ एकाग्र राहणं हीही एक गोष्ट आहेच. दोष त्या आकड्याला भविष्य समजणाऱ्यांचा. पुढे त्याच्यावर जे अपेक्षांचं ओझं आलं ते कोणत्याही पंधरा वर्षांच्या खांद्यांना पेलणारं नव्हतं. कॉलिन्सही कधी प्रथम श्रेणी क्रिकेट खेळला नाही. तो सैन्यात गेला आणि 1914 मध्ये युद्धात मारला गेला.

गंमत अशी की मोठी शालेय खेळी काहीच सांगत नाही असंही नाही. हॅरिस शिल्डमध्ये 1988 साली सचिन-विनोदची 664 ची भागीदारी झाली. 2009 मध्ये सर्फराज खानने 439 केल्या, 2013 मध्ये पृथ्वी शॉने 546. शॉ पाच वर्षांत कसोटी खेळला आणि पदार्पणात शतक ठोकलं. सर्फराजला कसोटीची टोपी मिळायला फेब्रुवारी 2024 उजाडलं. चारही नावं एकाच स्पर्धेतली, आणि चौघांच्या पुढच्या वाटा चार दिशांना. हॅरिस शिल्ड निदान अशी स्पर्धा आहे की तिथे समोर काही बरे गोलंदाज असतात आणि पाहणाऱ्यांना मैदानाची खोली-रुंदी ठाऊक असते. त्यामुळे तिथल्या 200 धावांना मी दुसरीकडच्या 500 पेक्षा जास्त किंमत देईन.

वयाचाही गुंता आहे. चौदाव्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा त्याच वर्गातल्या बारक्यापेक्षा लांब फेकतो, लांब मारतो. चार वर्षांनी बारका त्याच्या बरोबरीला येतो, पण तोवर निवडीच्या चाळणीतून गळालेला असतो. जन्मतारखा खोट्या दाखवण्याची आपल्याकडची परंपरा तर सर्वांना ठाऊक आहे. बीसीसीआयने म्हणूनच लहान गटांसाठी मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय ठरवायची पद्धत आणली. राहुल द्रविडने डिसेंबर 2015 च्या पतौडी व्याख्यानात वय चोरण्याला भ्रष्टाचाराच्याच पंगतीत बसवलं होतं. पण हाड वय सांगतं, वाढ किती उरली आहे याचा नुसता अंदाज देतं. बेसबॉलचे स्काउट त्यासाठी मुलाच्या आईबापांकडे बघतात: उंची, खांदे. ऐकायला विचित्र वाटतं, पण आपल्याकडे स्थळ बघायला गेलेल्या मंडळींनी कुणाकडे बघितलेलं असतं?

एकच गोष्ट मोजून निवडायचं ठरवलं तर काय होतं, याचाही प्रयोग भारतात झाला. 2008 मध्ये अमेरिकन आयोजकांनी रडारची बंदूक घेऊन गावोगाव चेंडूफेकीची स्पर्धा भरवली. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू रिंकू सिंग आणि दिनेश पटेल त्यातून निवडले गेले. रिंकूची फेक ताशी 87 मैलांची होती. दोघांनाही बेसबॉल ठाऊक नव्हता. त्याच वर्षाच्या अखेरीस पिट्सबर्गच्या संघाने दोघांशी करार केला. हात खरे होते, मेहनतही खरी. रिंकू दुय्यम लीगच्या खालच्या पायऱ्या चढला, मग दुखापतींनी अडवलं. सिनेमा निघाला तो सुरुवातीच्या भागावर.

लहान गावांकडे मुद्दाम बघायचं ठरवून बघितलं, असाही एक भारतीय प्रयत्न झाला. 2002 च्या सुमारास बीसीसीआयने मकरंद वायंगणकर यांच्या आराखड्यावर प्रतिभा शोध विभाग सुरू केला आणि दिलीप वेंगसरकर त्याचे प्रमुख होते. निवृत्त खेळाडूंना आडबाजूच्या सामन्यांना पाठवायचं आणि त्यांच्याकडून लेखी अहवाल मागवायचा, अशी रीत. प्रकाश पोद्दार यांनी जमशेदपूरला एक यष्टिरक्षक बघितला, चेंडू फार जोरात मारणारा. त्याचं वय विभागाच्या 19 वर्षांच्या मर्यादेबाहेर होतं. वेंगसरकरांनी नियम बाजूला ठेवला आणि धोनीचं नाव पुढे गेलं. इथेही मोरहार्टचीच गोष्ट: कुणीतरी तिथे जाऊन उभा राहिला होता. आणि एकाने वयाची रेघ ओलांडायची हिंमत दाखवली. माझ्या मते दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा दुर्मीळ.

हुबळीपासून बंगळूर चारशे किलोमीटर. या अंतरात किती मुलं गळतात याची मोजदाद कुणी ठेवत नाही. पण न गळालेल्या एकाची गोष्ट इथे सगळ्यांना पाठ आहे. गदगचा सुनील जोशी शाळेत असताना पहाटे निघून सुमारे साठ किलोमीटरवरच्या हुबळीला सरावाला यायचा आणि शाळेच्या वेळेला परत गदगला पोहोचायचा. डावखुरा फिरकी गोलंदाज. कर्नाटकाकडून तो पहिल्यांदा खेळला 1992-93 मध्ये, बाविसाव्या वर्षी. 1995-96 च्या रणजी मोसमात 500 हून अधिक धावा आणि 50 हून अधिक बळी अशी दुहेरी कामगिरी केली आणि पहिली कसोटी बर्मिंगहॅमला खेळला, 6 जून 1996 रोजी, स्वतःच्या सव्विसाव्या वाढदिवशी. 1999 मध्ये नैरोबीला दक्षिण आफ्रिकेविरुद्ध त्याचं पृथक्करण होतं 10 षटकं, 6 निर्धाव, 6 धावा, 5 बळी. पुढच्या वर्षी ढाक्यात, बांगलादेशच्या पहिल्यावहिल्या कसोटीत, तो सामनावीर ठरला. मार्च 2020 मध्ये भारताच्या निवड समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे आलं. त्याच्या अठराव्या वर्षी ना आयपीएल होती ना ड्राफ्ट. असता, तरी चार वर्षं थांबायची तयारी असलेल्या संघालाच त्याचं नाव घ्यायला सुचलं असतं.